वॉन्टेजची आजीबाई

१८८३ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या वॉन्टेज नावाच्या लहानशा गावात तीन जणी राहायला आल्या. पंचविशीची एक विधवा, नुकतीच दोन वर्षांची झालेली तिची मुलगी आणि सोबतीला आलेली एक मैत्रीण. विधवेचं नाव पंडिता रमाबाई, मुलीचं मनोरमा, मैत्रिणीचं आनंदीबाई भगत.

रमाबाईंबद्दल आपण शाळेत चार ओळी वाचलेल्या असतात. संस्कृतचं पांडित्य, कोलकात्यात मिळालेली पदवी, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. जमलंच तर धर्मांतराचा वाद. या चार ओळींत कडेवरची मनोरमा कुठेच नसते. इंग्लंडला गेलेल्या रमाबाई डोळ्यांपुढे येतात त्या एकट्या, हातात पुस्तक घेतलेल्या. प्रत्यक्षात त्या परक्या देशात उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक झोपाळू, भुकेलं, घर कुठे गेलं ते न कळलेलं लेकरू होतं.

मी अमरावतीची. इंजिनीअरिंग तिथेच झालं, मग पुणे, मग नवऱ्याची आणि माझी नोकरी इंग्लंडमधल्या रेडिंगला. आमची मुलगी आता आठ महिन्यांची आहे. वॉन्टेज आमच्यापासून गाडीने साधारण पाऊण तासावर. म्हणजे रमाबाई माझ्या शेजारच्या गावात राहिल्या होत्या, फक्त एकशे चाळीस वर्षं आधी. हे कळल्यापासून मी त्यांचा इंग्लंडमधला काळ शोधून शोधून वाचला, बहुतेक वेळा रात्री, बाळ मांडीवर असताना फोनवर. वाचताना मला विदुषी किंवा समाजसुधारक शोधायची नव्हती. एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: या बाईने बाळ कसं सांभाळलं?

घर मागे ठेवून जाणारे

आमच्या वऱ्हाडातून परदेशी जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ साली लंडनला गेले. लोकमान्य टिळकांना झालेल्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागायची होती. ते परतले १९१० मध्ये. अमरावतीचा मोठा वाडा आणि तिथला बारदाना मागेच राहिला. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली गेले, एडिनबर्गला शिकले, बॅरिस्टर झाले, परतले आणि त्यानंतर १९२७ साली त्यांचं लग्न झालं. शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याही आधी, १९०६ च्या सुमारास, क्रांतीच्या ध्यासाने देश सोडून गेले. लग्न आणि दोन मुली हा संसार त्यांनी मेक्सिकोत मांडला, पण तो पन्नाशी ओलांडल्यावर.

तिघेही मोठी माणसं. पण घर सोडून निघताना बाळ कुणाच्याच सोबत नव्हतं. तेव्हाचा परदेशप्रवास असाच होता. घर मागे सोडायचं, काम करायचं, परत यायचं. मागे राहिलेल्या घरात पोरंबाळं मोठी होत राहायची, कारण तिथे आजी होती, काकू होती, आत्या होती.

बायकांमध्येही तेच. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या त्या ७ एप्रिल १८८३ ला. सोबत घरचं कुणी नव्हतं. चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा दहा दिवसांतच गेला होता, आणि डॉक्टर होण्याच्या इच्छेमागे ते दुःख होतं. त्याच एप्रिलमध्ये मुंबईहून रमाबाई निघाल्या, मनोरमेला घेऊन. एकाच महिन्यात दोन मराठी बायकांनी समुद्र ओलांडला. एकीचं बाळ उरलं नव्हतं, दुसरीचं सोबत होतं.

रमाबाईंना मनोरमेला मागे ठेवायला जागाच नव्हती. त्यांचे आईवडील मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते. भाऊ गेला. त्यानंतर बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं, आणि दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, तो नवराही पटकीने गेला. तेव्हा मनोरमा दहा महिन्यांचीही झाली नव्हती. बाळंतपणाला माहेर नाही, नवरा गेल्यावर आधाराला सासर नाही. रमाबाईंचं घर म्हणजे मनोरमा, आणि मनोरमेचं घर म्हणजे रमाबाई.

तशा रमाबाई स्वतःही फिरस्तीवरच वाढल्या. सह्याद्रीतल्या गंगामूळ इथे त्यांचा जन्म झाला. सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून, हमालाच्या डोक्यावरून, डोंगर उतरवून खाली आणलं होतं. तिथून आईवडिलांची तीर्थयात्रा सुरू झाली ती वर्षानुवर्षं चालली. बाळाला घेऊन घर सोडणं म्हणजे काय, हे त्यांच्या आईने केलेलं होतं.

बोटीवरची बाई आणि बाळ

१८८३ साली मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटीवर एखादी हिंदी बाई आणि तिच्या कडेवर बाळ दिसलं, तर लोक काय समजत असतील? ती आया आहे असं. साहेबांची कुटुंबं इंग्लंडला परतताना मुलं सांभाळायला इथली आया बरोबर घेत. समुद्रावरचे ते आठवडे गोऱ्या बाळांची अंघोळ, जेवण, झोप सगळं तिच्याकडे. इंग्लंडला पोचल्यावर काहींना परतीचं तिकीट मिळे, काहींना तसंच सोडून दिलं जाई. अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचं वसतिगृह होतं. पुढे १९०० साली ते हॅकनी भागात किंग एडवर्ड रोडवर गेलं. त्या इमारतीवर २०२२ साली निळी पाटी लागली. इतिहासातल्या महत्त्वाच्या जागांवर लंडनमध्ये तशा पाट्या लावतात.

म्हणजे हिंदी बाई आणि बाळ हे दृश्य त्या प्रवासात नवं नव्हतं. नवं होतं ते हे, की बाळ तिचं स्वतःचं होतं. शिकायला निघालेली बाई, आणि तिचं बाळ तिच्याबरोबर.

मग प्रश्न आलाच. ही शिकायला बसली की बाळाला कोण बघणार?

करार

वॉन्टेजला 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या अँग्लिकन पंथाच्या सिस्टरांचा मठ होता. याच सिस्टरांची एक शाखा पुण्यात पंचहौद भागात काम करत होती, आणि रमाबाईंची त्यांच्याशी ओळख तिथेच झाली होती. ठरलं ते असं: रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचं. बदल्यात त्यांची राहण्याजेवणाची सोय आणि इंग्रजीचं शिक्षण.

आजच्या भाषेत सांगायचं तर रमाबाई फुकट राहायला गेल्या नव्हत्या, कामावर गेल्या होत्या. प्रवासासाठीही त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून पैसा उभा केला होता. कुणाच्या उपकाराखाली जायचं नाही, ही त्यांची खबरदारी सुरुवातीपासून दिसते.

पण नोकरीच्या करारात एक गोष्ट बसत नाही. रात्री दोन वाजता मूल रडत उठलं तर ते कुठल्या कलमाखाली येतं? मूल आजारी पडलं, त्याला खेळायला सोबत लागली, आई वर्गात असताना ते पडलं, तर? हे सगळं सिस्टर करत होत्या. त्यांपैकी सिस्टर जेराल्डिन यांनी तर मनापासून केलं. त्यांचा मनोरमेवर जीव जडला.

रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेल्या पत्रांमध्ये सिस्टर जेराल्डिनना केलेलं संबोधन वाचून मी थांबले. संपूर्ण इंग्रजी पत्राच्या माथ्यावर, रोमन अक्षरांत, एक मराठी शब्द: आजीबाई.

बघा, किती साधी गोष्ट आहे ही. परक्या गावात बाळाला आजी लागते, म्हणून एक आजी नेमली. रक्ताची नाही, देशाची नाही, भाषेची नाही. पण हाक तीच.

काळी रात्र

यानंतर जे घडलं ते रमाबाईंच्या चरित्रांत बहुधा एखाद्या वाक्यात उरकलं जातं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांना आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करतील अशी भीती बसली. ती भीती वाढत गेली, आणि वॉन्टेजला आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी जीव दिला. त्याआधी त्यांनी रमाबाईंनाही मारण्याचा प्रयत्न केल्याचं मॅक्स म्यूलर यांनी लिहून ठेवलं आहे. पुढे रमाबाई ऑक्सफर्डला म्यूलर यांच्या घरी उतरल्या, तेव्हा त्यांना रात्री एकटं झोपण्याची इतकी धास्ती होती की खोलीत एका मोलकरणीला झोपवावं लागे.

परदेशी एकाकीपणाबद्दल आपण आता बरंच बोलतो. प्रसूतीनंतर आईचं मन ढासळू शकतं, हे डॉक्टर विचारतात, फॉर्ममध्ये प्रश्न असतात. १८८३ साली हे बोलायला शब्दच नव्हते. आपल्या भाषेत बोलणारं, आपल्यासारखं जेवणारं एकमेव मोठं माणूस रमाबाईंनी असं गमावलं. वय पंचवीस, आणि शेजारी झोपलेली दोन वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशीही तिला उठवायचं होतं, भरवायचं होतं.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ झाला. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, बाकी बहुतेकांनी झोडपलं. त्या वादावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मला त्यात इथे भर घालायची नाही. मला दिसतं ते वेगळं. आतापर्यंत ज्या सिस्टर मदत करणाऱ्या होत्या, त्या या दिवसापासून कुटुंब झाल्या. आणि कुटुंब झालं की हक्क आलाच.

आजीचा हक्क

डॉक्टर व्हायचं हा रमाबाईंचा मूळ बेत होता. ऐकू कमी येत असल्यामुळे तो सोडावा लागला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये, डोरोथिया बील या मुख्याध्यापिकेच्या हाताखाली, संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः शिकूही लागल्या. मनोरमा कधी आईजवळ, कधी वॉन्टेजला आजीबाईंजवळ. आणि मग पत्रापत्री सुरू झाली.

भांडणाचे विषय बरेच होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी त्यातलं प्रत्येक तत्त्व रमाबाई डोळे मिटून मानायला तयार नव्हत्या, आणि हा मोठाच वाद होता. पण मला सगळ्यांत ओळखीचे वाटले ते छोटे वाद. जेवणाचे, कपड्यांचे, मुलीचे.

रमाबाई शाकाहारी राहिल्या. धर्म बदलला, ताट बदललं नाही. सिस्टरांना हा जातीचा जुना अभिमान वाटे, जो आता टाकून द्यायला हवा. रमाबाईंचं उत्तर रोखठोक होतं. माझ्या पूर्वजांच्या ज्या चालीरीतींनी कुणाचं नुकसान होत नाही, त्या मी का सोडू? एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात राहायला आली आणि तिने आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का?

आणि मनोरमेबद्दल तर त्यांनी आणखी स्पष्ट लिहिलं. माझी मुलगी इंग्रज होऊन वाढावी अशी माझी इच्छा नाही. आपण हिंदुस्थानच्या लेकी आहोत हे सांगायला तिला कमीपणा वाटता कामा नये. परक्या देशात घर केलेल्यांच्या मुलांना आपल्या माणसांचं नाव निघालं की लाज वाटते, तसं हिचं होऊ नये.

ही चिंता १८८० च्या दशकातली आहे. यातला एकही शब्द न बदलता ती आज आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर बऱ्याच आया अंगठा वर करतील.

आजीबाईंची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांनी मुलीला वेळ दिला, माया दिली, रात्री जागवल्या. त्यांच्या दृष्टीने त्या मनोरमेचं भलंच करत होत्या. कुठलीही आजी हेच म्हणेल. पण त्यांच्या मनातलं भलं आणि रमाबाईंच्या मनातलं भलं एक नव्हतं. आणि रमाबाईंची अडचण अशी, की दोन्हीकडे ओढ होती. आजीबाई नकोत असं त्यांना कधीच वाटलं नाही. त्या नसत्या तर रमाबाईंना शिकताच आलं नसतं. मदत हवी होती, मदतीबरोबर येणारा ताबा नको होता.

सहा महिने आई, सहा महिने सासूबाई

आता आमच्याकडे येते. आजच्या वऱ्हाडी घरांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. बाळ होणार म्हटलं की आधी आईचा व्हिसा, मग सासूबाईंचा. इंग्लंडचा साधा व्हिजिटर व्हिसा एका वेळी सहा महिने राहू देतो. म्हणून सहा महिने आई, सहा महिने सासूबाई असं वेळापत्रक लागतं. राजापेठेतली, जठारपेठेतली आजी अमरावती एक्स्प्रेसने मुंबईला येते, बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, मुगाची डाळ, बाळाच्या गोधड्या घेते आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्रापार जाते. माहेरी बाळंतपण होत नाही, म्हणून माहेरच विमानात बसतं.

माझी आईही अशीच आली. तिने बाळाला पायांवर घेऊन तेल लावलं, मला शेक दिला, मऊ वरण-भात केला. इथल्या सरकारी आरोग्यसेवेतली हेल्थ व्हिजिटर बाई घरी येऊन बाळाचं वजन करायची, लाल वहीत लिहून जायची. इथे प्रत्येक बाळाची अशी एक लाल वही असते. पहिल्या दिवसापासून दोघींचं तसं छान जमलं. आईला इंग्रजी येत नाही, त्या बाईला मराठी येत नाही, तरी बाळाबद्दल दोघी हातवाऱ्यांनी बोलायच्या.

खटका उडाला तो मधावरून. आईला बाळाला घुटीबरोबर मध चाटवायचा होता. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं इथे निक्षून सांगतात, कारण मधातल्या जंतूंमुळे क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. भारतातले बालरोगतज्ज्ञही आता हेच सांगतात. मी नाही म्हटलं. आई म्हणाली, "तू मध चाटूनच मोठी झाली ना वं, काही झालं काय तुले?"

मग दोन दिवस ती गप्प. तिसऱ्या दिवशी फोनवर बाबांना सांगत होती, "इथं सगळं पोरीच्या मनानं चालते बापा, आपल्याले काही विचारतच नाही."

तेव्हा मला रमाबाईंची पत्रं वेगळी वाटू लागली. तोवर मी ती देशी विरुद्ध परदेशी अशी वाचत होते. इकडे सावळी आई, तिकडे गोरी सिस्टर. पण माझ्या घरात तर आजीही माझीच होती, वऱ्हाडी बोलणारी, माझ्यावर जीव टाकणारी. तरी प्रश्न तोच. जो बाळासाठी रात्र जागवतो, त्याला बाळाबद्दल बोलायचा हक्क मिळतो, आणि मिळायलाही हवा. पण शेवटचा शब्द कुणाचा?

हेल्थ व्हिजिटरने मात्र एक गोष्ट विचारली आणि माझा जीव भांड्यात पडला. घरी कुठली भाषा बोलता, असं तिने विचारलं. मराठी म्हटल्यावर ती म्हणाली, तीच बोला, भरपूर बोला, इंग्रजी ती बाहेर शिकेलच. आता इथल्या आरोग्य खात्याचा सल्लाही साधारण असाच असतो. घरची भाषा मुलाच्या आड येते, असं पूर्वी मानत. आता तसं मानत नाहीत. रमाबाईंना जे पत्रांवर पत्रं लिहून मागावं लागलं, ते मला एका प्रश्नात मिळालं. काही गोष्टी खरंच बदलल्या आहेत.

काय धरलं, काय सोडलं

रमाबाईंची गोष्ट 'परदेशी गेलात तरी आपलं सगळं जपा' या थाटात सांगता येत नाही, कारण त्यांनी सगळं जपलं नव्हतं. जन्माचा धर्म सोडला. विधवेने कसं राहावं याबद्दलचे नियम सोडले. इंग्रजी शिकल्या, विज्ञान शिकल्या, गणित शिकल्या. आणि 'परदेशी गेलात तर तिथलेच व्हा' या थाटातही सांगता येत नाही. ताट ठेवलं, साडी ठेवली, भाषा ठेवली. नव्या धर्मातलंही जे पटलं नाही त्यावर आजीबाईंशी वर्षानुवर्षं वाद घातला.

त्यांच्या धरण्या-सोडण्याच्या यादीत कुणाला विसंगती दिसेल. पुण्याच्या सनातन्यांना दिसली, वॉन्टेजच्या सिस्टरांनाही दिसली. दोघांचीही तक्रार होती की ही बाई धड आमच्यासारखी वागत नाही. मला त्या यादीतलं एकच सूत्र दिसतं: ती यादी त्यांची स्वतःची होती. पुण्यातून आलेली नव्हती आणि मठातूनही आलेली नव्हती. परक्या देशात बाळाला घेऊन राहणाऱ्या बाईकडे स्वतःचं म्हणावं असं फार थोडं असतं. घर दुसऱ्याचं, पैसा बेताचा, कायदा परका. तरी यादी स्वतःची असू शकते, आणि तिच्यासाठी भांडता येतं. ज्यांचं आपण मिंधे आहोत त्यांच्याशीही भांडता येतं, आणि भांडूनही त्यांना आजीबाई म्हणता येतं.

याची किंमत रमाबाईंनी मोजली. १८८६ च्या सुरुवातीला त्या मनोरमेला घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. दोघी लांबच्या नातेवाईक होत्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळपास तीन वर्षं राहिल्या. व्याख्यानं दिली, इंग्रजीत पुस्तक लिहिलं, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. या काळात मनोरमा पुन्हा आजीबाईंकडे होती. ज्या आजीबाईंशी मुलीच्या वाढवण्यावरून इतके वाद झाले, मूल ठेवायची वेळ आली तेव्हा विश्वास त्यांच्यावरच टाकला. पोटच्या पोरीपासून समुद्राएवढं अंतर ठेवून रमाबाई दुसऱ्यांच्या पोरींसाठी गावोगाव फिरत होत्या. हे त्यांना सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. नर्सरीच्या दारात मूल सोडून ऑफिसची ट्रेन पकडणाऱ्या कुठल्याही आईला विचारा.

अमेरिकेत त्यांनी आणखी एक गोष्ट शिकून घेतली: बालवाडी. खेळातून, हाताने वस्तू करून, गाण्यांतून लहान मुलांना शिकवण्याची फ्रोबेलची पद्धत तेव्हा तिथे जोरात होती. रमाबाईंनी ती नीट अभ्यासली. ११ मार्च १८८९ ला, आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि तिथल्या शिक्षणात ही पद्धत त्यांनी आणली. माझ्या मनात येतं, मनोरमा सोबत नसती तर परदेशातल्या शंभर गोष्टींमधून लहान मुलांच्या शिक्षणाकडेच त्यांची नजर इतकी वळली असती का?

मनोरमेचं पुढे काय झालं

ज्या मुलीने इंग्रज होऊ नये म्हणून एवढी पत्रं लिहिली गेली, ती पुढे पुन्हा इंग्लंडला शिकली, अमेरिकेतही शिकली, आणि परत आली. आईच्या कामात उजवा हात झाली. शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली. गुलबर्ग्याला मुलींची शाळा सुरू झाली ती तिच्याच पुढाकाराने. रमाबाईंना हवी होती तशी हिंदुस्थानची लेक ती झाली, तीही दोन परक्या देशांत वाढून.

२४ जुलै १९२१ ला, चाळिसाव्या वर्षी मनोरमा गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. एकमेकींचं घर असलेल्या दोघी फार दिवस एकमेकींवाचून राहिल्या नाहीत.

आणि आजीबाई? रमाबाईंनी लिहिलेली पत्रं, अगदी त्यांच्याशी भांडणारी, त्यांना बोचणारी पत्रंसुद्धा, सिस्टर जेराल्डिन यांनी फाडली नाहीत. जपून ठेवली, एकत्र लावली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ती पुस्तकरूपात छापली. रमाबाईंची बाजू आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत कळते ती वॉन्टेजच्या या आजीमुळे. माया आणि मतभेद एका ट्रंकेत ठेवणारी बाई होती ती.

माझ्या आईचे सहा महिने पुढच्या आठवड्यात संपतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे इतक्यात प्रवास जमणार नाही, त्यामुळे मुलगी नर्सरीत जाणार आहे. नर्सरीने एक फॉर्म पाठवला आहे. मूल काय खातं, कसं झोपतं, घरी कुठली भाषा आहे. शेवटी एक रकाना आहे: मूल ओळखतं अशा जवळच्या माणसांची नावं, मूल ऐकतं तशीच लिहा, म्हणजे आम्हीही तीच वापरू.

आहाराच्या रकान्यात मी वरण-भात लिहिलं आणि कसा करायचा तेही लिहिलं. मध नको, हेही लिहिलं. भाषेच्या रकान्यात मराठी. शेवटच्या रकान्यात आई, बाबा, आणि रोमन अक्षरांत, उच्चार चुकू नये म्हणून मधे जागा सोडून, आजी.